डब्यातला आचारी

कोरेगावात लालासाहेबांना सगळे मेजर म्हणतात. चोवीस वर्षं त्यांनी फौजेत भाकऱ्या-डाळ रांधली, पण पारावर सांगितल्या त्या फक्त लढाया. खरं काय ते एकट्या राहीबाईंना, त्यांच्या बायकोला ठाऊक.

आष्ट्याचा त्यांचा दोस्त भरतेश रविवारी डबाभर बोटाएवढे मावळे आणि पुठ्ठ्याचा गड घेऊन येतो. मग टेबलावर फासे टाकून वेढ्याचा डाव रंगतो. गडावर वीस माणसं चढवायची; त्यांत आचारी नसेल तर सहाव्या फेरीला शिबंदी उपाशी मरते. या रविवारी मेजरांनी वीसच्या वीस तलवारवालेच चढवले. सहाव्या फेरीला, तटाचा चिराही न ढळता, गड पडला.

भरतेश पोट धरून हसला. "आवं मेजर, एवढ्या लढाया मारल्यासा, आन् जेवणाचंच इसरला व्हय?"

इसरतायत कुठले! पळी धरलेलं ते बाहुलं पहिल्यांदा त्यांच्याच हाताला लागलं होतं, आणि विंचू चावावा तसं त्यांनी ते परत डब्यात टाकलं होतं.

राहीबाईंनी चहा टेबलावर ठेवला. डब्यातला आचारी उचलला, पदरानं पुसला आणि पडलेल्या गडावर मधोमध उभा केला.

मेजरांना कप उचलवेना.