मैत्रीचे बारा पंप

माझं काम नापास करण्याचं आहे. बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, एका पंपाच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं तपासणी सांभाळते. पंप टेस्ट बेडवर चढवायचा, तासभर चालवायचा, कान लावायचा, हात लावायचा आणि मग त्याच्या गळ्यात टॅग अडकवायचा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. माहेर निपाणीचं असल्यामुळे घरी मराठी आणि कारखान्यात कन्नड बोलते. राग दोन्ही भाषांत सारखाच येतो. समोर सगळे मला अक्का म्हणतात. पाठीमागे लाल अक्का म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

अशा बाईच्या टेबलावर एके दिवशी देशाचं परराष्ट्र धोरण येऊन पडलं. मी काही ते मागितलं नव्हतं.

झालं असं की दिल्लीहून आमच्या मालकांना बारा पंपांची ऑर्डर आली. समुद्रातल्या एका इवल्याशा बेटांच्या देशाला ते भेट म्हणून जायचे होते. ऑर्डरबरोबर कागद आले. पंप कसा असावा याची दोन पानं होती. पंपावरचा फलक कसा असावा याची अकरा. पितळी, दोन फूट रुंद, तीन भाषांत ‘मैत्रीची भेट’, दोन झेंडे, आणि मधोमध हस्तांदोलन. हस्तांदोलनात आपला हात किंचित वर असावा, पण फार वर दिसू नये, असं पान सातवर लिहिलं होतं. ‘किंचित’ म्हणजे किती मिलिमीटर हे मी पत्र लिहून विचारलं. त्याला उत्तर म्हणून आणखी एक पान आलं.

मग दिल्लीचे साहेब स्वतः आले. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या, मालकांनी त्यांच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा चढवला, आणि साहेबांनी आम्हा सगळ्यांना हिंदीतून समजावलं की आपण आता उगवती सत्ता आहोत. पूर्वी आपण घ्यायचो, आता देतो. याला सॉफ्ट पॉवर म्हणतात. वेळ पडली तर हार्ड पॉवरही आहेच, पण आधी सॉफ्ट. फौंड्रीतली माणसं गंभीरपणे ऐकत होती. आमच्या धंद्यात कास्टिंग सॉफ्ट निघालं तर मी ते भट्टीत परत पाठवते, त्यामुळे त्यांना नक्की काय कळलं ते त्यांनाच माहीत. भाषण चालू असताना बाहेर टँकर आला. दुसऱ्या देशाला पाणी द्यायला निघालेल्या आमच्या कारखान्यात टेस्ट बेडची टाकी टँकरनेच भरावी लागते. साहेबांनी तेवढा वेळ आवाज चढवला.

पंप तयार होत आले तसा त्या देशाकडून एक पाहुणा आला. पन्नाशीचा, सडपातळ, बोलायला मऊ. तो त्याच्या बेटावरचा पाण्याचा एकुलता एक इंजिनिअर होता. सिनेमे बघून हिंदी शिकला होता, त्यामुळे साधा चहा मागतानाही तो प्राण पणाला लावल्यासारखा बोलायचा. तिसऱ्या दिवसापासून तोही मला अक्का म्हणू लागला.

त्याने मला त्याच्या बेटाची हकीकत सांगितली. गावातल्या विहिरी खारट झाल्या आहेत. गोड्या पाण्याच्या विहिरी बेटाच्या उत्तर टोकाला आहेत, पण तिथून गावापर्यंत पाणी चढवायला पंप नाहीत. म्हणून आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, पाण्याची बोट येते. बोट आली की अख्खं गाव भांडी घेऊन धक्क्यावर जातं, पोरंसुद्धा. त्या दोन दिवशी शाळा भरत नाही. त्याची बायको त्याच शाळेत मास्तरीण आहे, आणि तिने त्याला निघताना सांगितलं होतं की या वर्षी मला पाच दिवसांची शाळा हवी. “मी हो म्हणून आलोय, अक्का,” तो म्हणाला.

मग आम्ही दोघांनी मिळून ते बारा पंप तपासले. तो एका बाजूने कान लावायचा, मी दुसऱ्या. त्याला आवाज कळत होता, आणि आवाज कळणारा माणूस मला फार क्वचित भेटतो. मी त्याला डब्यातली भाकरी आणि झुणका खाऊ घातला. माझ्या स्वभावात न बसणारी गोष्ट म्हणजे बाराच्या बारा पंपांना मी हिरवा टॅग लावला. त्याने त्या पंपांशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि घरी पाठवला. मागोमाग फलक आले, प्रत्येक पंपाच्या मोटरवर ब्रॅकेट ठोकून ते चढवले गेले. नाकापेक्षा मोती जड. समोरून बघितलं तर पंप दिसतच नव्हता.

ट्रक दारात लागला होता. दोरखंड बांधणं चाललं होतं. तेवढ्यात दिल्लीहून फोन आला की थांबा. त्या देशाने आदल्या दिवशी भलत्याच एका देशाची युद्धनौका आपल्या बंदरात उभी करू दिली होती. आपल्याला राग आला होता. आता हार्ड पॉवर. माझ्यासारख्या अडाणी बाईला त्या दिवशी एवढंच कळलं की दोन्हीकडे पंप तोच आहे. द्यायचा म्हटला की सॉफ्ट, अडवला की हार्ड.

पण राग आला म्हणून अडवलं असं लिहिता येत नाही. तांत्रिक कारण लागतं. मालक स्वतः हातात चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले. एकवीस वर्षांत त्यांनी मला चहा आणून दिला नव्हता.

“अक्का, स्वल्प अड्जस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या,” ते म्हणाले. “एखादा छोटासा दोष काढा. फार मोठा नको. दुरुस्त होण्यासारखा.”

“एकवीस वर्षं तुम्ही मला स्वल्प अड्जस्ट करून पास करायला सांगताय,” मी म्हटलं. “आज नापास करायला सांगताय?”

“दिल्लीचं काम आहे.”

“मी पंपाचा इम्पेलर बघून टॅग लावते, बातम्या बघून नाही.”

ते चहा तिथेच ठेवून गेले. मी तो प्यायले, कारण चहाने माझं काही वाकडं केलं नव्हतं.

इकडे पाहुणा अडकला. त्याला पंपांशिवाय परत जायचं नव्हतं आणि त्याला नाराज करायचं नाही असे दिल्लीचे हुकूम होते. म्हणजे त्याच्या देशाला हार्ड आणि त्याला एकट्याला सॉफ्ट. गेस्ट हाऊसवर रोज सकाळी योग शिकवायला एक बाई यायच्या. शनिवारी बसमधून देवळं दाखवायचे. कधी या संघटनेने तर कधी त्या मंडळाने त्याचा सत्कार करायचा, शाल घालायची, चंदनाचा हार घालायचा, आणि त्याने ‘धन्यवादगळु’ म्हणायचं. पाच आठवड्यांत त्याच्याकडे अकरा शाली जमल्या. ज्या बेटावर थंडी म्हणजे काय हे कुणाला माहीत नाही तिथल्या माणसाला अकरा शाली. तो मला एकदा म्हणाला, “अक्का, मी यांच्याकडे पाणी मागतो. हे मला पांघरूण घालतात.”

दर सोमवारी आणि गुरुवारी तो जेवणाच्या सुट्टीत बायकोला फोन करायचा. काय बोलायचा ते मला कळत नव्हतं, पण फोन ठेवला की तो शेडमध्ये जाऊन पंपांचे शाफ्ट हाताने फिरवून यायचा. बसून राहिलेला पंप जाम होतो. एकदा मीही त्याच्याबरोबर गेले आणि सहा त्याने, सहा मी फिरवले. मला त्या माणसाचं फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

त्याच रागात मी एक दिवस एक पंप पुन्हा टेस्ट बेडवर चढवला, या वेळी फलकासकट. चालू केला मात्र, फलक पत्र्याच्या छपरासारखा थरथरायला लागला. दहा मिनिटांत ब्रॅकेटचा बोल्ट सैल झाला, अर्ध्या तासात मोटरचं बेअरिंग तापलं. मी दुसरा पंप लावला. तेच. फलक काढला की पंप पुन्हा सुतासारखा सरळ. मला एवढा आनंद झाला की मी फौंड्रीतल्या लोकांना स्वतःच्या पैशाने भजी खाऊ घातली.

मी अहवाल लिहिला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ‘फलकामुळे घातक थरथर. फलक काढल्यास पंप उत्तम.’ पंपांचे हिरवे टॅग मी तसेच ठेवले आणि लाल टॅग बाराही फलकांना लावले. माझा हिशेब साधा होता. त्यांना कारण हवं होतं, मी खरं कारण दिलं. आता दोष दूर करायचा तर फलक काढावा लागेल, आणि फलक काढला की पंप अडवायला कारणच उरणार नाही. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. पाहुण्याने अहवाल दोनदा वाचला आणि मला हात जोडले. मीही फुशारले, खोटं कशाला सांगू.

दिल्लीला अहवाल बेहद्द आवडला. साहेबांनी फोनवर माझी स्तुती केली की असं कारण शोधून काढायला अक्कल लागते. तीन आठवड्यांनी ती युद्धनौका निघून गेली, आपला राग गेला, आणि साहेब धावत आले. आता घाई होती. तिकडे लोकार्पण समारंभाची तारीख ठरली होती, तिकडचे मंत्री येणार होते, इकडून साहेब जाणार होते.

“फलक काढते आणि संध्याकाळपर्यंत पंप ट्रकवर चढवते,” मी म्हटलं.

“फलक काढून कसं चालेल?” साहेब म्हणाले. “फलक नसेल तर तो नुसता पंप झाला. भेट कुठे राहिली?”

“मग फलकासकट न्या.”

“फलकासकट तर तुम्हीच नापास केलाय. फाईलवर आहे.”

मालक माझ्याकडे बघत होते, मी पंपांकडे. मग साहेबांनीच तोडगा काढला. फलक वेगळे पाठवायचे, विमानाने, पाहुण्याबरोबर. तिकडे ते भिंतीवर लावायचे. पंप मागून बोटीने येतील. मी म्हटलं, आधी पंप पाठवा, फलक मागून येऊ देत. साहेब माझ्यावर चिडले नाहीत. लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं की समारंभाला फलक लागतो, पंप लागत नाही.

पाहुणा गेला. जाताना त्याच्याजवळ अकरा शाली आणि बारा फलक होते. गेटवर तो मला म्हणाला, “पंप किती दिवसांत, अक्का?” मी म्हटलं, “पंधरा दिवस. मी स्वतः चढवते.” त्याने माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला, कारण तोवर मी त्याला काही चुकीचं सांगितलं नव्हतं.

समारंभाचे फोटो आले. कोऱ्या भिंतीवर बारा फलक, त्यांच्यासमोर मंत्री, आमचे साहेब, फीत, टाळ्या. प्रत्येक फलकाच्या कोपऱ्यात माझा लाल टॅग तसाच लटकत होता. तिकडच्या लोकांना ती आपल्याकडची काहीतरी शुभ रीत वाटली म्हणे, म्हणून कुणी काढला नाही. पाहुणा अगदी कडेला उभा होता. त्याने शाल पांघरली होती आणि त्याला घाम आलेला फोटोतही दिसत होता.

आठवड्याने त्या देशाने आणखी कुणाशी तरी कसला तरी करार केला आणि आपल्याला पुन्हा राग आला. ट्रक रद्द झाला. तो रागही गेला, तेव्हा मी मालकांकडून नंबर घेऊन स्वतः दिल्लीला फोन लावला. साहेबांची बदली झाली होती. नवीन साहेबांनी फाईल बघितली आणि म्हणाले, “पण पंप तर दिलेत. लोकार्पण झालंय, फोटो आहेत.” मी म्हटलं, पंप माझ्यासमोर शेडमध्ये आहेत, हात लावून बोलतेय. ते म्हणाले, “मॅडम, एकदा दिलेली भेट पुन्हा कशी देणार?” मी त्यांच्यासाठी कन्नडमध्ये एक शब्द वापरला आणि मग मराठीत दुसरा. त्यांना दोन्ही कळले नाहीत.

दुसऱ्याच आठवड्यात पाहुण्याचा फोन आला. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माझ्या अहवालामुळेच फलक वेगळा झाला, हेही सांगितलं. मी शहाणपणा केला नसता, एखादा खोटा, दुरुस्त होणारा दोष लिहिला असता, तर नौका गेल्याबरोबर बाराही पंप फलकासकट निघाले असते, खडखडत का होईना, पाणी चढवलं असतं त्यांनी. तिथे पोचल्यावर फलक काढायला त्याला एक पाना पुरला असता. मला वाटलं, तो मला चार शब्द सुनावेल. मला ते हवे होते.

तो म्हणाला, “अक्का, तुमची तपासणी बरोबर होती. भिंतीवर लावल्यापासून फलक अजिबात थरथरत नाही.” त्यात टोमणा नव्हता. त्याने फलकालाही हात लावून बघितलं असणार, तो तसाच माणूस आहे. पुढे त्याने विचारलं, शाफ्ट फिरवता का. मी हो म्हटलं. “फिरवत राहा,” तो म्हणाला, “आता ठेवतो, रांगेतला माझा नंबर मागे जाईल.”

तो घाईत फोन बंद करायला विसरला. मीही बंद केला नाही. सोमवार होता, सकाळचे अकरा वाजले होते, आणि मला पलीकडून भांड्यांचा खणखणाट आणि पोरांचा गलका ऐकू येत होता.