कुलूपबाई जीप बघायला जातात

कुलूपबाईंना गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. तरी कुणाला जुनी जीप घ्यायची असली की लोक आधी त्यांच्या दारात यायचे. बाई जायच्या, आणि उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं विकणाऱ्याला फर्मावायच्या, "बॉनेट उघडा. पायातलं मॅटिंग उचला. आता खाली वाका आणि काय दिसतं ते सांगा. खरं सांगा, मी पुन्हा बघणार आहे."

हे ज्ञान त्यांनी बसल्या जागी मिळवलं होतं. एकतीस वर्षं त्या एका सरकारी गॅरेजात सुट्या भागांच्या स्टोअरवर होत्या. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर धावणाऱ्या चौदा जीपा त्यांच्या जाळीच्या खिडकीवर जगायच्या. कोणती गाडी वर्षाला किती क्लचप्लेटा खाते, कोणता ड्रायव्हर स्प्रिंगचे पाटे मोडून आणतो आणि खड्ड्याला शिव्या देतो, हे त्यांना तोंडपाठ. औषधाच्या दुकानदाराला गल्लीतली सगळी दुखणी ठाऊक असतात, तसंच ते. नियम एकच: जुना भाग टेबलावर ठेवा, मग नवा घेऊन जा. तुटका नट आणला नाही तर नवा नट नाही. यावरूनच त्यांचं नाव कुलूपबाई पडलं, आणि ते इतकं चिकटलं की निरोपाच्या भाषणात साहेबांनी खरं नाव घेतलं तेव्हा बाईच मागे वळून बघायला लागल्या, ही कोण म्हणून.

या नियमाचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे गॅरेजचे फोरमन. त्यांचा आणि बाईंचा छत्तीसचा आकडा.

"बेअरिंग गेलंय," फोरमन म्हणायचे.

"आणा."

"अहो, अजून उघडलं नाही. आवाजावरून कळतंय."

"मग आवाज ठेवा टेबलावर."

एकतीस वर्षं हे असंच चाललं. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले, आणि दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढे बाईंची भाची गुरांची डॉक्टर झाली आणि तिला डोंगरातल्या वाड्यांची जागा मिळाली. अट एकच होती, चारही चाकं ओढणारी स्वतःची फोर-व्हील गाडी हवी. सोमवारी गाडीसकट हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणार. पोरीने आजवरची सगळी शिल्लक काढली होती. चुकीची गाडी घेतली तर दुसरी घ्यायला हातात काही उरणार नव्हतं, आणि एखाद्या अडलेल्या गाईपाशी पोचायच्या आधीच ती आडरानात बंद पडली तर गाईचं आणि तिचंही काही खरं नव्हतं. शनिवारी तिला एका जीपचा पत्ता मिळाला. मावशीला घेऊन ती गेली, बेल वाजवली, आणि दार फोरमननी उघडलं.

"बाई," फोरमन म्हणाले, "तुम्ही येणार असं माहीत असतं तर मी गाव सोडलं असतं."

"अजून वेळ गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "गाडी कुठंय?"

गाडी मागच्या शेडमध्ये होती, आणि बाईंचा सगळा पेपर तिथे आधीच फुटलेला होता. त्यांनी बॉनेटला हात लावला, गार. म्हणजे सुरू न व्हायची खोड लपवायला कुणी इंजिन आधी तापवून ठेवलेलं नव्हतं. मॅटिंग काढूनच ठेवलं होतं. पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलाय का ते बघायला त्यांनी पर्समधून लोहचुंबक काढलं, तर ते जागोजागी टपकन चिकटलं. तेलाची काडी स्वच्छ. फोर-व्हीलचा दांडा सहज पडला, म्हणजे तो नुसता शोभेचा नव्हता. बाईंचा चेहरा उतरत चालला. जिच्यात खोट सापडत नाही अशी जुनी गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, आणि त्यातून ती फोरमनची.

चौसष्टाव्या वर्षी त्या गोणपाटावर आडव्या झाल्या आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरकल्या. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग पायांकडून आवाज आला.

"फोरमन, ही सात नंबर ना?"

गिअरबॉक्सच्या कडेला, बोटाएवढ्या जागेत, हिरव्या नेलपॉलिशने सातचा आकडा काढलेला होता. नवा भाग देताना बाई असा गाडीचा नंबर टाकायच्या, म्हणजे परत येताना कुणी भलताच जुना भाग गळ्यात मारू नये. आणि सात नंबर म्हणजे जी पुरात तीन दिवस नदीत उलटी पडली होती, ती. खात्याने ती भंगारात काढली होती.

"लिलावात मीच घेतली," फोरमन म्हणाले. "तीन वर्षं घालवली तिच्यावर. आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत. आणि बुडालेली म्हटलं की माणूस दारातूनच परत जातो."

भाचीने मावशीला बाजूला घेतलं. "मावशी, चल. बुडालेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये, हे तूच शिकवलंस ना?"

शिकवलं होतं. वायरी आतून कुजतात आणि नको तिथे दगा देतात, हे बाईंनी शंभरदा सांगितलं होतं. पण आत्ता खाली पडल्या पडल्या त्यांनी वेगळंच पाहिलं होतं. एकूण एक वायर नवी, हातभर अंतरावर नीट बांधलेली. प्रत्येक नटाची पिन सारखी वळवलेली. असं काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण जाळीच्या खिडकीवर फक्त मोडलेलं यायचं. दुरुस्त झालेलं त्यांच्यापुढे कधी आलंच नव्हतं.

"ओढ्यावर चला," बाई म्हणाल्या.

भाचीने गाडी चालवली, बाई शेजारी बसल्या, फोरमन मागे. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. गाडी उतारावरून पाण्यात शिरली तेव्हा बाईंनी आरशात पाहिलं. फोरमननी गुपचूप जोडे काढून मांडीवर घेतले होते.

ऐन मध्यावर बाई म्हणाल्या, "इंजिन बंद कर."

"मावशी, इथे?"

"इथेच."

इंजिन थांबलं. खालून पाणी खळाळत होतं, आणि तिघंही पायाशी बघत होते. थेंबही आत आला नाही. बाईंनी घड्याळात पाच मिनिटं मोजली. "लाव आता." भाचीने चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.

"फोरमन," बाई मागे न वळता म्हणाल्या, "गाडी तुमच्यापेक्षा खरी निघाली. जोडे का काढलेत?"

फोरमन ओशाळून हसले. "आता काय सांगू. एकतीस वर्षं तुम्ही माझ्या हातावर भरवसा ठेवला नाहीत. मलाही मग तीच सवय लागली."

ते गमतीनेच बोलले होते, पण बाईंना ते फार लागलं. नियम बरोबरच होता, हे त्या आजही कुणाशीही भांडून सिद्ध करू शकल्या असत्या. तरी आज त्या भांडल्या नाहीत. भाचीला म्हणाल्या, "घे ही. ते म्हणतील त्या किमतीला."

"घासाघीस नाही?" फोरमननी विचारलं.

"नाही."

"एखादी खोट तरी काढा."

"नाहीये तर काय काढू? काम चोख आहे तुमचं."

फोरमन पार घाबरले. "बाई, तुम्हाला खाली काहीतरी दिसलंय आणि तुम्ही सांगत नाही आहात," असं म्हणून त्यांनी विजार वर खोचली आणि ते सरळ पाण्यात उतरले. वाकून ते एकेक नट हाताने चाचपून बघू लागले. बाईंनी भाचीला गाडी पुढे घेऊ दिली नाही. खिडकीतून बाहेर वाकून त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, "ठीक आहे हो. खरंच सांगते, सगळं ठीक आहे."