इर्जिक माझी होती

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील महापे भागातल्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे कार्यकर्ते. वाशीतल्या आमच्या एका खोलीच्या घरात फळीवर पत्रकं, डब्यांखाली पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हरंही पत्रकांचीच. 'कामगार बंधूंनो' हे मला स्वतःच्या नावाआधी लिहिता आलं.

दर रविवारी युनियनचे पुढारी घरी यायचे. मी त्यांना काका म्हणायची. सतरंजीवर बसून आम्ही सगळे पत्रकांच्या घड्या घालायचो आणि काका एक खेळ घ्यायचे. ते साताऱ्याकडचे. गावाकडचा एखादा जुना, आमच्यापैकी कुणी न ऐकलेला शब्द सांगायचे आणि प्रत्येकानं त्याला आपला अर्थ द्यायचा. खरा अर्थ शेवटी. 'वाफसा' आला तेव्हा आई म्हणाली, "नवऱ्याचा राग उतरतो आणि त्याच्याशी दोन शब्द बोलता येतात, ती वेळ." वडील म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे वर्षातून एकदा." काका इतके हसले की घातलेल्या घड्या विस्कटल्या. खरा अर्थ पेरणीजोगी ओल असा निघाला. आईचा सगळ्यांना जास्त पटला.

कारखान्यात टाळेबंदी झाली तेव्हा शब्द आला 'इर्जिक'. मी चौथी-पाचवीत असेन. मी म्हटलं, "ज्या घरी चूल पेटली नाही, तिथली पोरं शेजारच्या ताटावर जाऊन बसतात. कुणी हिशेब ठेवत नाही, कुणी आभार मानत नाही. ती इर्जिक."

काकांचे हात थांबले. खरा अर्थ फार लांबचा नव्हता. कुणाचं रान नांगरायचं राहिलं, की गावातले लोक आपापले बैल घेऊन जातात, मजुरी घेत नाहीत, फक्त त्याच्याकडे जेवतात. पण काका म्हणाले, "आपण हिचाच घेऊ."

पुढच्या पत्रकावर मोठ्या टायपात तो शब्द होता आणि खाली माझं वाक्य. बघता बघता तो आमच्या घरांच्या ओळीत सगळ्यांच्या बोलण्यात आला. समोर एक आगरी मावशी राहायची. तिच्या घरची शेती नवं शहर वसवताना सरकारनं घेतलेली, नवरा वडिलांच्याच खात्यात. ती दारातून हाक मारायची, "ए पोरी, इर्जिक हाय गो, ये जेवाला!" तिच्याकडे तांदळाची भाकरी आणि सुकट. आमच्याकडे काही शिजलं की तिची पोरं आमच्या ताटावर. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मला वाटायचं, हे मी केलंय.

टाळेबंदी उठली. गेटवर सभा झाली, बायकापोरांनाही बोलावलं होतं. पेढे वाटले. व्यासपीठावर काका होते आणि त्यांच्या शेजारी मॅनेजरसाहेब. काका म्हणाले, कारखाना अडचणीत आहे, आता आपण कारखान्यासाठी इर्जिक घालायची. पाळी संपल्यावर रोज तासभर थांबायचं, ओव्हरटाइम न घेता.

"कारण इर्जिकेत कुणी हिशेब ठेवत नाही, कुणी आभार मानत नाही!" त्यांनी माझ्याकडे हात केला. "हे आपल्या या लेकीनंच आपल्याला शिकवलंय."

लोक माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. वडिलांचेही हात सवयीनं उठले, आणि न वाजताच खाली गेले.

"म्हंजे फुकट राबाचा, तेच ना?" मावशीनं मोठ्यानं विचारलं. काकांनी मॅनेजरसाहेबांच्या हातात पेढा ठेवला.

पुढारी विकले जातात, हे मी पत्रकांत कितीदा वाचलं होतं. पण त्या पत्रकांतला पुढारी नेहमी दुसऱ्या युनियनचा असायचा. आपल्या सतरंजीवर बसून आपल्याला हसवणारा नसायचा.

रविवारी काका नेहमीसारखे आले. चपला काढत म्हणाले, "काय लेखिकाबाई, फुगलात वाटतं?"

"माझी इर्जिक तुम्ही त्यांना का दिलीत?"

"अगं, गेटचं कुलूप निघायला काहीतरी द्यावं लागतं. शब्दच तर दिला."

"शब्द नाही, बाबांचा तास दिलात."

आईनं मला गप्प केलं नाही. वडील खाली बघत म्हणाले, "आम्हाला विचारायचं होतंत, दादा. आणखी काही दिवस काढले असते आम्ही."

काकांनी एक गठ्ठा पुढं ओढला आणि एक नवा शब्द सांगितला. कुणीच अर्थ दिला नाही. आम्ही घड्या घालत राहिलो. काकांना खरा अर्थ सांगायची वेळच आली नाही.

आता मी स्वतः पत्रकं लिहिते. अन्यायावर लिहिते, मालकांवर लिहिते. इर्जिक मात्र माझ्या एकाही पत्रकात आलेली नाही. मालकांनी घेतली असती तर भांडून परत आणली असती. आपल्या माणसानं दिली.

टाळेबंदी उठली त्याच वर्षी, पावसाळ्यात मावशीचा नवरा तापानं पडला होता. आईनं माझ्या हाती वरणभाताचं पातेलं पाठवलं. मावशीनं घेतलं. दुसऱ्या दिवशी ते घासूनपुसून परत आलं, आत काठोकाठ तांदूळ.

"हे कशाला गं?" आईनं विचारलं.

मावशी उंबऱ्याबाहेरच उभी होती. "राहू दे बाय," ती म्हणाली. "हिशेब केलेला बरा."