गुरम्माचा रडीचा डाव

लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. उदगीरकडच्या त्या गावातल्या बाया सकाळीच रोजगार हमीवर खडी फोडायला निघायच्या आणि लेकरं गुरम्माच्या घरी सोडायच्या. उन्हाची झळ नको म्हणून ती दार लोटून घ्यायची. एकट्या बाईच्या घरात खेळणी कुठली? ती कोळशानं फरशीवर चल्लस-आठचा पट आखायची, बांगड्यांच्या तुकड्यांच्या सोंगट्या मांडायची. फोडलेले चिंचोके टाकायचे. जितके पांढरे वर पडतील, तितकी घरं पुढं जायचं.

गुरम्माची जीभ लई तिखट. सात वर्षांची महानंदा हरायला लागली की चिंचोका हळूच उलटा करायची आणि गुरम्मा कडाडायची, "रडीचा डाव माझ्या घरात चालायचा न्हाई! ऊठ!" महानंदा काही उठायची नाही.

पुढं लातुरात सरकारी कचेऱ्यांची बांधकामं निघाली. एकेक घर कुलूप लावून तिकडं गेलं. महानंदाचा बाप न्यायला आला तेव्हा डाव अर्ध्यात होता. एसटी चुकेल म्हणून त्यानं पोरीला तसंच उचललं.

गुरम्मानं पट पुसला नाही. झाडतानाही तेवढी जागा सोडायची.

एका दुपारी ती दार लोटून पटापाशी बसली. एक दान स्वतःचं टाकलं, एक महानंदाचं. होता होता महानंदा हरायला लागली. गुरम्मानं एकदा दाराकडं पाहिलं आणि पोरीचा एक चिंचोका हळूच उलटा केला.