आत्याबाईंचा घसा

श्रीदेवीअक्का करमाळ्याच्या गाडीत चढल्या की अख्ख्या स्टँडला कळायचं. अठरा वर्षं त्या एसटीत कंडक्टर. मोडनिंबला उतरायचा माणूस डुलकी लागून टेंभुर्णीला जागा झाला, असं त्यांच्या गाडीत कधी घडलं नाही. आवाजच तसा होता. ड्रायव्हर भारत म्हणायचा, "आमच्या अक्का असल्यावर हॉर्न कशाला पायजे?"

ह्या आवाजानंच त्यांनी धाकट्या भावाला, प्रभूला, वाढवलं होतं. आई गेली तेव्हा प्रभू नऊ वर्षांचा होता. त्याचा डबा, त्याची शाळा, त्याचा ताप बघता बघता अक्कांचं लग्नाचं वय निघून गेलं, आणि त्यांनी त्या वयाला मागून हाकही मारली नाही. प्रभूचं लग्न झालं, धनलक्ष्मी घरात आली. चौदा वर्षं पाळणा हलला नाही. अक्कांनी कधी तोंडानं विचारलं नाही, आणि कुणी विचारू लागलं तर त्याला पुरतं बोलू दिलं नाही. आता मुलगा झाला होता. रविवारी बारसं, सोलापुरातल्या जुळे सोलापूर वस्तीत, धनलक्ष्मीच्या माहेरी. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. नाव अक्कांनी कधीच ठरवून ठेवलं होतं. प्रभूलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आणि मंगळवारी घसा धरला.

पहिल्या दिवशी नुसतं खवखवलं. दुसऱ्या दिवशी आवंढा गिळला की काटा टोचल्यासारखं व्हायचं. मोडनिंबला डबा उघडून कडक भाकरी मोडली, पण घास घशाखाली जाईना. गाडीत वैद्यांना तोटा नव्हता. कुणी लवंग दिली, कुणी ज्येष्ठमध. एका म्हातारीनं गळ्याला चुना लावायला सांगितलं. भारतनं खिशातून चार गोळ्या काढल्या. "ह्या घ्या, अक्का. मेव्हणीच्या उरल्याल्या. लई जालीम."

दोन दिवसांत चार गोळ्या संपल्या. शुक्रवारी घसा मोकळा वाटला, तशा अक्का भारतला म्हणाल्या, "तू डॉक्टरच व्हायचा रे, चुकून स्टिअरिंग धरलंस."

शनिवारी दुपारी अंगात ताप भरला. पाणीसुद्धा गिळवेना. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी बॅटरी धरून घसा बघितला, जबड्याखाली बोटांनी चाचपलं.

"सर्दी? खोकला?"

"काहीच नाही. नुसतं गिळताना जीव जातो."

"सर्दीबरोबर धरलेला घसा बहुतेक वेळा आठवड्यात आपला आपण सुटतो. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, विश्रांती, बास. तुमचं तसं दिसत नाही. गाठी आल्यात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत. ह्याला औषध लागतं, आणि लागतं ते पुरतं लागतं. आधी काही घेतलं होतं?"

अक्कांनी चार गोळ्यांची हकिकत सांगितली. बाईंनी कपाळाला हात लावला. "चार गोळ्यांनी काय होणार? ह्या दहा दिवसांच्या. बरं वाटलं तरी एकही चुकवायची नाही. तापाला आणि दुखण्याला ही वेगळी. मऊ भात खा, पाणी पीत राहा. थुंकीसुद्धा गिळता येईना, तोंड उघडेना किंवा श्वास जड वाटला, तर कुणाची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा."

"उद्या एका बारशाला जायचंय," अक्का हळूच म्हणाल्या.

"जेवायला जा. पाळण्यापाशी नको. घशातला जंतू शिंकण्या-बोलण्यातूनच जातो दुसऱ्याला. औषध सुरू झालं की एका दिवसात ती भीती पुष्कळ कमी होते, पण बारा दिवसांच्या बाळाशी खेळ नको."

आत्या मीच, हे अक्कांनी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी ताप उतरला होता. दोन गोळ्या पोटात गेल्या होत्या. इरकल नेसताना त्यांनी मनाशी हिशोब मांडला. कुर्र करायला असा कितीसा वेळ लागतो? एक तिकीट फाडायला लागतो तेवढा. तेवढ्यात काय होतंय?

पाळण्याभोवती बायका दाटल्या होत्या. नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे म्हणून चार-पाचजणींनी हात उगारूनच ठेवले होते. अक्का पाळण्यावर वाकल्या. बाळ झोपेतच ओठ हलवत होतं, नसलेलं दूध पीत होतं. त्याच्या बोटभर गळ्यातून एक घोट खाली सरकला. नेमका त्याच वेळी अक्कांनीही आवंढा गिळला, आणि काटा कानापर्यंत गेला.

त्या ताठ झाल्या. तोंडाला पदर लावून दोन पावलं मागे सरकल्या.

"माझा घसा धरलाय," त्या म्हणाल्या. आवाज असा की ओळखू येऊ नये. "दहा दिवसांच्या गोळ्या चालू आहेत. मी नाही जवळ जात."

"अय्यो!" धनलक्ष्मीची आई सावित्रम्मा ओरडल्या. "हे आत्ता सांगता होय, अक्का? पंगत बसायची वेळ झाली की!"

"चिठ्ठीवर लिहून द्या," कुणी तरी म्हणालं. "दुसरी कुणी बहीण सांगेल."

अक्कांनी मान हलवली आणि पर्समध्ये पेन शोधायला लागल्या. पेन वरच होतं. ते त्यांना दिसत नव्हतं.

सावित्रम्मांनी पुढं होऊन पर्सची चेन ओढून लावली. "राहू द्या ते पेन. पोराला पाळण्यात घालू, गाणी म्हणू, जेवू. नाव काय पळून जातंय? माझ्या लेकीनं चौदा वर्षं वाट बघितली, त्यात दहा दिवसांचं काय! पण अक्का, गोळ्यांचं पाकीट रिकामं करून आणायचं. एक जरी गोळी उरली, तर बाळाचा कान मिळायचा नाही."

तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं. अक्का कामावर गेल्या, पण आवाज जपून. स्टॉप भारतच पुकारायचा, आणि एक म्हातारबा मोडनिंबचे थेट टेंभुर्णीला पोचले.

"बऱ्या झालासा की," भारत म्हणाला. "उरल्याल्या गोळ्या द्या मला. मेव्हणीला व्हतील."

"मेव्हणीला डॉक्टरकडं ने, मेल्या. आणि मोडनिंब नीट ओरड."

अकराव्या दिवशी त्या जुळे सोलापुरात गेल्या. सावित्रम्मांनी दारातच हात पुढं केला. पाकीट उजेडाकडं धरून एकेक भोक बघितलं. मग तोंडातल्या तोंडात "हूं" म्हणून बाजूला झाल्या.

अक्का पाळण्यात वाकल्या. दुधाचा वास आला. "कुर्रर्र," त्यांनी त्या एवढ्याशा कानात केलं, आणि नाव सांगितलं. मग सरळ उभ्या राहून, करमाळ्याची गाडी लागल्यावर पुकारावं तसं पुकारलं, "शिवयोगीऽऽ!"

बाळ दचकून रडायला लागलं. धपाटे बसले, पहिला सावित्रम्मांचा, आणि तोच सगळ्यात जोरात.

"एवढं जुनं नाव?" त्या म्हणाल्या. "आणि घसा बरा झाला म्हणून पोराला एवढं घाबरवायचं?"