मागच्या चाकांची हवा

माझ्या धाकट्या भावाकडे कॅनडात एक लाल गाडी होती. दोन दारांची, लांब नाकाची, बसकी स्पोर्ट्स कार, आणि सगळा जोर मागच्या चाकांना. तिकडचे शहाणे लोक असली गाडी दिवाळी झाली की गॅरेजमध्ये झाकून ठेवतात, कारण बर्फावर मागची चाकं जागच्या जागी गरगरतात आणि गाडीचं बूड वाटेल तिकडे जातं. आमचा धाकटा ती बारा महिने चालवायचा. हिवाळी टायर चढवायचा, मागे वजन पडावं म्हणून डिकीत वाळूच्या पिशव्या टाकायचा, आणि घरच्या ग्रुपवर व्हिडिओ पाठवायचा. "दादा, आणखी एक हिवाळा पार! वाळू संपत आलीय, तुझ्याकडची पाठव थोडी."

मी जळायचो. उगाच साधुपणा कशाला दाखवू? नाशिकला आम्हा दोघांच्या खोलीत भिंतीवर असल्याच गाडीचं चित्र होतं, आणि ते चिकटवलेलं मी. धाकट्याला तेव्हा चाक कुठलं नि स्टेपनी कुठली हेही कळत नव्हतं. मी दोहाला आलो. इथं सिग्नलला उजव्या-डाव्या हाताला अशा गाड्या गुरगुरत उभ्या असतात. आणि मी काय घेतलं? सात जणांची फोर व्हील ड्राइव्ह. बायको म्हणाली, "अहो, भारतातून माणसं आली की त्यांच्या बॅगा कशात घालणार?" खलास. विषय संपला.

पण गाडीवरून जळणं परवडलं म्हणायची वेळ आली. आमची एकुलती एक मुलगी बारावीनंतर शिकायला त्याच्याच गावी गेली आणि राहायलाही त्याच्याच घरी. धाकट्याला आणि त्याच्या बायकोला मूलबाळ नाही. त्यांनी पोरीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. खरं तर मी हात जोडायला हवे होते. मी काय केलं, तर बायकोपाशी रोज कुरकुर. "लंगोट आम्ही बदलले, शाळेच्या रांगेत आम्ही उभे राहिलो. आता हे महाशय आयत्या पिठावर रेघोट्या ओढतायत."

"तुमचा भाऊच आहे ना तो?" बायको म्हणायची. "तुम्हाला ना, सुख टोचतं."

टोचत होतं. कारण त्याने पोरीला गाडीची किल्ली दिली होती. ज्या गाडीला त्याने मला हात लावू दिला नसता, ती! आणि आमच्या पोरीची पहिली हिवाळ्याची शिकवणी सुरू झाली. फोनवर दुसरं काही नाहीच. "बाबा, काका म्हणतो, गाडी घसरली की ब्रेक दाबायचाच नाही." "काका म्हणतो, मागचा भाग जिकडे जातो तिकडे स्टिअरिंग फिरवायचं, अगदी हलकं." "काका म्हणतो, ॲक्सिलरेटरखाली अंडं ठेवलंय असं समजायचं."

अरे, आणि बाबा काय म्हणायचा? तिला गाडी शिकवली कुणी? लायसन्स ड्रायव्हिंग स्कूलने दिलं असेल, पण क्लच म्हणजे काय हे तिला अल अझीझियाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शुक्रवारी सकाळी मी शिकवलं. वाळवंटात न्यायचो तेव्हा टायरची हवा मोजायचं काम बारा वर्षांची असल्यापासून तिचं. वाळूत शिरण्याआधी चारही चाकांची हवा निम्म्यावर आणायची असते, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. ती उकिडवी बसून मीटर लावायची आणि ओरडायची, "बाबा, पंधरा! यल्ला!" यल्ला म्हणजे इथल्या अरबीत 'चला'. तेव्हा मराठीत बोलायची ते 'बाबा, पंधरा' एवढंच, बाकी सगळं इंग्लिश. पण बोलायची माझ्याशी.

मागच्या डिसेंबरात आम्ही दोघं कॅनडाला गेलो. विमानतळावर धाकटा आणि पोरगी लाल गाडी घेऊन हजर. बायकोला आणि बॅगांना टॅक्सीत घातलं, कारण त्या गाडीत मागे नावाला सीट. मला वाटलं, मी पुढे बसेन. कसलं काय! पुढे पोरगी चालवायला, शेजारी काका शिकवायला, आणि जन्मदाता बाप मागे, गुडघे हनुवटीला लावून. बाहेर पांढरंफटक. पोरीने एका वळणावर गाडी घसरू दिली, हलकेच सावरली, आणि माझ्याकडे नाही, काकाकडे बघून हसली. काकाने मान डोलावली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने म्हणालो, मला चालवू दे. एका दुकानाच्या मोकळ्या आवारात धाकट्याने किल्ली दिली. आयुष्यभर जिची वाट पाहिली त्या गाडीचं स्टिअरिंग हातात आलं आणि मी सुरुवातीलाच पाय असा दाबला की गाडी स्वतःभोवती दीड फेरी मारून उलट्या तोंडाने उभी राहिली. दोघं पोट धरधरून हसले. "बाबा, अंडं फुटलं!" पोरगी म्हणाली. ती काही दुष्टपणाने हसली नव्हती. पण मी त्या दिवशी जेवताना कुणाशी बोललो नाही, आणि दोहाला परत आल्यावर बायकोने तो विषय काढला तर उठून आत गेलो.

आणि मग या जानेवारीतला तो शुक्रवार.

दुपारचे चार वाजले होते. ऑफिसातल्या दोन मित्रांबरोबर मी मेसाईदच्या पुढे, जिथं डांबर संपून वाळूच्या टेकड्या सुरू होतात तिथं, चाकाशी बसून हवा काढत होतो. फोन वाजला. पोरगी. तिकडे सकाळचे आठ.

"बाबा, आय ॲम स्टक. लेक्चरला चाललेय आणि मागची चाकं फिरतायत नुसती."

व्हिडिओवर बघितलं. रात्रीत पडलेला बर्फ, त्यात लाल गाडी बुडापर्यंत. माझ्या हातात हवेचं मीटर. तोंडातून निघून गेलं, "मागच्या दोन्ही चाकांची हवा काढ. पंधरावर आण. वाळूत काढतो तशीच."

"आर यू शुअर? कारण काका म्हणतो..."

"काकाचं राहू दे गं! मी सांगतोय ना!"

दोन्ही मित्रांनी वळून बघितलं, इतका जोरात ओरडलो मी. पोरीने क्षणभर फोनमध्ये माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ओके, बाबा." आणि ती बर्फात उकिडवी बसली, बसायची तशीच.

गाडी निघाली! पाच-सात मिनिटांत निघाली. "बाबा, इट वर्क्ड!" काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं. मित्रांना इथला वेलचीचा घट्ट 'करक' चहा पाजला, वर ऐकवलं, "बर्फ काय नि वाळू काय, अनुभव लागतो." नाकाने कांदे सोलत होतो नुसता.

पण हवा परत कशाने भरायची, हे मी तिला विचारलंच नाही. इथं विचारावं लागत नाही. प्रत्येकाच्या डिकीत पंप असतो, नाहीतर वाळूच्या कडेला हवा भरून देणारा बसलेलाच असतो. शिवाय माझ्या गाडीचे टायर जाडजूड, त्या बसक्या गाडीचे पापडासारखे. पोरगी पेट्रोल पंपावर गेली तर तिथलं हवेचं मशीन थंडीने गोठलेलं. लेक्चरला उशीर होत होता. ती तशीच पुढे निघाली. एका वळणावर मागचा टायर रिममधून निसटला आणि गाडी आडवी जाऊन दिव्याच्या खांबावर आदळली.

हे मला रात्री नऊच्या सुमाराला धाकट्याच्या फोनवरून कळलं. मी नुकताच घरी आलो होतो, बाल्कनीत बूट झटकत होतो.

"दादा, घाबरू नकोस. पोर ठीक आहे. डावं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय. माझ्या शेजारच्या खोलीत झोपलीय. गाडी गेली, पण ते जाऊ दे."

मी तिथल्या स्टुलावर बसलो.

"पण तिने केलं काय, माहितेय? मागच्या टायरांची हवा काढली! विचारलं तर म्हणते, नेटवर वाचलं. दोन हिवाळे शिकवतोय तिला. अक्कल काय गहाण टाकली होती? मूर्ख कार्टी!"

नेटवर वाचलं. हात मोडून घेतलेल्या माझ्या पोरीने पहिलं काम केलं ते बापाला पाठीशी घालायचं. आणि बापाच्या मनात पहिलं काय आलं? सुटलो. देवाशप्पथ सांगतो, हेच आलं. 'हो ना, काय ही आजकालची मुलं,' एवढं म्हटलं असतं की मिटलं होतं. जिभेवर आलंही होतं.

"मूर्ख आहे कार्टी," तो पुन्हा म्हणाला, आणि माझं डोकं फिरलं.

"तिला मूर्ख म्हणायचं नाही! मी सांगितलं तिला. हवा काढ म्हणून मी सांगितलं."

मी शिव्यांची वाट बघत होतो. त्याचा हक्कच होता.

"तुला कधी विचारलं तिने?"

"गाडी अडकली तेव्हा. फोन आला होता तिचा."

"म्हणजे आधी तुला फोन केला?"

"हो."

"मी घरी होतो, दादा." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "आमच्याच गल्लीच्या टोकाला अडकली होती ती. मी आत चहा पीत होतो. नुसती हाक मारली असती तरी आलो असतो मी."

गाडीबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. खोकल्यासारखं काहीतरी केलं, आणि पुन्हा म्हणाला, "घरीच होतो रे मी."

मला त्याची दया आली. नाही कशी येईल? धाकटा भाऊ माझा. पण दया मागून आली. पोर तिकडे प्लास्टर घालून पडली होती, त्याची जिवाची गाडी माझ्या शहाणपणाने भंगारात निघाली होती, आणि मी इकडे बाल्कनीत बसून आधी काय म्हणत होतो, तर मला केला. फोन तिने मला केला.