ताईंच्या खांद्याचं माप

ताई गेल्या तेव्हा मी मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. दादांचा फोन आला. फोनवर ते कधीच फार बोलत नाहीत, त्या सकाळी तर एवढंच म्हणाले, "मनीषा, मोटर बंद कर आन् दवाखान्यात ये." मी मोटर बंद केली. जुड्यांवर ओलं गोणपाट टाकलं. पाय धुतले, चप्पल शोधली... कळलेलं असूनही मी सगळं एकेक करून, नीट करत होते. जेवढा उशीर होईल तेवढा वेळ ताई आहेत, असं काहीतरी मनात असावं. आज त्याला सात आठवडे झाले.

सुनंदाताई माझ्या थोरल्या जाऊबाई, दादा म्हणजे त्यांचे यजमान, माझे थोरले दीर. मखमलाबादला आमचा मळा आहे, गुलाब, झेंडू आणि भाजीपाला. लग्न होऊन आले तेव्हापासून बावीस वर्षं आम्ही दोघी एका चुलीवर जेवलो. भांडलोही खूप. मला शिवणकाम येतं, त्यामुळे ताईंचे सगळे ब्लाउज मीच शिवले. त्यांचं माप वहीत बघावं लागायचं नाही. खांदा साडेपंधरा इंच, मळ्यात काम करणाऱ्या बाईचा रुंद खांदा. "माझ्या खांद्यावर दोन घरं मावतील," असं त्या स्वतःच म्हणायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं.

सायकल त्यांनी चाळिशीनंतर धरली. लेकाने पुण्याला जाताना त्याची गिअरची सायकल घरी ठेवली, तिच्यावर बसून त्या आधी डेअरीपर्यंत, मग गंगापूर रोडपर्यंत आणि पुढे धरणाकडे जायला लागल्या. त्यांना डांबरी रस्ता आवडायचा नाही. पाटाच्या कडेने जो मुरमाचा, खडीचा कच्चा रस्ता जातो, तो त्यांचा. सकाळची फुलं गाडीत भरून झाली की साडीवर दादांचा जुना शर्ट चढवायचा, पदर खोचायचा आणि निघायचं. परत आल्या की तोंडावर धूळ आणि एक वेगळंच तेज. गावातल्या बाया हसल्या, मीही हसले. दादा मात्र हसले नाहीत. ते फक्त म्हणायचे, "जाऊ द्या तिला. येती ना परत."

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किमो झाल्या, केस गेले, पुन्हा आले. हातांची बोटं मात्र पहिल्यासारखी झाली नाहीत. "कापूस भरल्यासारखी वाटतात गं," असं त्या म्हणायच्या. गुलाबाचा काटा टोचलेला कळायचा नाही, रक्त दिसलं की कळायचं. तरी वर्षभराने पुन्हा सायकल काढलीच. एकदा धरणाच्या उतारावर ब्रेक दाबला आणि बोटांत जोरच नव्हता. सायकल थेट बाभळीत. ओरबाडलेला हात घेऊन चालत घरी आल्या. दादा पहिल्यांदाच चिडले. "आता बस. सायकल इकून टाकायची."

ताई हाताला हळद लावत म्हणाल्या, "सायकलचा काय दोष? ब्रेक बदलायचाय."

मग त्यांनी मोबाइलवर वाचायला सुरुवात केली. एवढी मन लावून त्या दवाखान्याचे कागदसुद्धा वाचत नव्हत्या. एक दिवस मला म्हणाल्या, "ग्रॅव्हल बाइक नावाची सायकल असते बघ. ग्रॅव्हल म्हणजे आपला पाटाचा रस्ता. म्हणजे ती माझ्यासाठीच केलीय." गंगापूर रोडवर सायकलचं एक दुकान आहे, तिथे सुटे भाग आणून हवी तशी सायकल जोडून देतात. अरुणराव म्हणून शांत स्वभावाचे मालक. त्यांच्याकडे आम्ही दोघी चार वेळा तरी गेलो असू. ताई दोन सायकलींच्या मधे उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि एकेक ब्रेक एका बोटाने दाबून बघायला लागल्या. दोन्ही डिस्कचेच, चाकाच्या मधल्या चकतीला पकडणारे. एक तारेने ओढला जाणारा, त्याला दुसरं बोट लावावं लागलं. दुसरा तेलाचा, मोटरसायकलला असतो तसा. त्याला नुसता स्पर्श केला तरी चाक जागच्या जागी. ताईंनी डोळे उघडले. "मनीषा, तू पण दाबून बघ. लोण्यासारखा आहे." मी दाबला. त्या माझ्याकडे बघत होत्या, जणू तो ब्रेक त्यांनीच घडवलाय.

हँडलवरून मात्र आमचं वाजलं. मला आणि दादांना सरळ हँडल हवं होतं, साध्या सायकलसारखं, जपून चालवायला बरं. ताईंनी एडक्याच्या शिंगांसारखं वळलेलं, खाली जाताना बाहेर फाकणारं हँडल धरलं होतं. मी म्हणाले, "ताई, हे पोरांचं काम. तुमचं वय काय, तब्येत काय..." त्या चिडल्या नाहीत. हात हँडलवर ठेवून दाखवत म्हणाल्या, "सरळ हँडलवर हात एकाच जागी राहतो. मुंग्या आल्या की संपलं. इथे बघ, वर धरता येतं, बाजूला धरता येतं, खाली धरता येतं. एका जागी हात झोपला की दुसऱ्या जागी न्यायचा. मला सारखी जागा बदलावी लागणार आहे गं."

अरुणराव म्हणाले, "हँडल साधारण खांद्याएवढं रुंद घ्यायचं. ताईंचा खांदा मोजायला लागेल." मी म्हणाले, माप माझ्याकडे आहे, साडेपंधरा इंच. "तरी एकदा मोजा," ते म्हणाले आणि टेप माझ्या हातात दिली. मी ताईंच्या पाठीमागे गेले. एका खांद्याच्या टोकाला टेप लावली, दुसऱ्या टोकाला आणली आणि पुन्हा आणली. सव्वाचौदा. आजारपणात त्या बारीक झाल्या होत्या हे रोज दिसत होतं, पण आकड्यात दिसलं नव्हतं. माझ्या वहीतली ताई आणि माझ्या हाताखालची ताई यांच्यात सव्वा इंचाचा फरक पडला होता... मी टेपवर अंगठा पुढे सरकवला आणि म्हणाले, "साडेपंधराच आहे."

अरुणरावांनी त्या मापाचं हँडल मागवलं. ते यायच्या आत ताईंच्या पाठीत दुखायला लागलं. तपासणीत आजार हाडांत उतरलेला निघाला. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर ताईंनी पहिलं काय विचारलं असेल, तर "सायकल कधी होतेय?" मला वाटलं, दादा आता नको म्हणतील. दादा म्हणाले, "मी फोन करतो त्यास्नी. लवकर जोडा म्हणतो."

दीड महिना त्यांना ती सायकल चालवता आली. एका सकाळी त्या मला पाटावर घेऊन गेल्या. मला रस्त्याच्या मधोमध उभं केलं, लांब गेल्या आणि माझ्याच दिशेने सुसाट आल्या. मी जागची हलले नाही, का ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्यापासून दोन पावलांवर सायकल थांबली. एका बोटावर. पायाखालची खडी फक्त थोडी करकरली. ताई धापा टाकत, पोट धरून हसत होत्या.

मग आम्ही पाटाच्या काठावर बसलो. पाणी सोडलेलं होतं. ताई म्हणाल्या, "मनीषा, त्या दिवशी टेप कितीवर होती?"

"साडेपंधरा."

"खरं सांग."

मला खोटं बोलवेना. "सव्वाचौदा."

"तुझा अंगठा सरकला ना, तो मला पाठीवर कळला. बोटं मेली असली तरी पाठ जिवंत आहे माझी."

"मग बोलला का नाहीत? हँडल मोठं झालं ना तुम्हाला?"

"झालं थोडं. पण खडीवर रुंद हँडलच बरं, डगमगत नाही." त्यांनी एक खडा उचलून पाण्यात टाकला. "आणि तुला मी तेवढीच वाटत होते ना... म्हटलं, आपल्यालाही तसंच वाटू दे थोडे दिवस."

मी तोंड फिरवून रडले. त्यांनी मला रडू दिलं. त्या काठावर काय काय बोलायला हवं होतं ते मला आता सुचतं. स्वयंपाक करताना सुचतं, मशीनवर बसले की सुचतं. तेव्हा मी फक्त म्हणाले, "चला, ऊन वाढेल."

त्यानंतर त्या सायकलवर बसल्या नाहीत. शेवटी त्यांना हिरवी साडी नेसवली तेव्हा मीच शिवलेला ब्लाउज खांद्यावरून सारखा घसरत होता. बायकांनी बाहेर घाई लावली होती. मी दोन्ही बाजूंनी टाके घालून तो अंगासरसा बसवला. त्या दिवशी मी टेप हातात घेतली नाही.

गेल्या रविवारी दुपारी मी ओसरीवर शिवत बसले होते. दादा पंप घेऊन आले. ओसरीच्या टोकाला ताईंची सायकल उभी असते. ते उकिडवे बसले आणि दोन्ही चाकांत हवा भरली, अंगठ्याने दाबून बघितली. मी न राहवून विचारलं, "दादा, कोण चालवणारे आता?"

"चालवायची नाय," ते म्हणाले. "हवेबिगर उभी ऱ्हायली तर टायर चिरतो. तिनंच सांगितलं व्हतं."

पंप भिंतीला टेकवून ते उठले. तोवर ऊन ओसरीवर चढून सायकलच्या चाकापर्यंत आलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि सायकल हळूच, धक्का न लागू देता, सावलीत सरकवली. शेवटच्या दिवसांत ताईंची खाट ते अशीच सरकवायचे, ऊन येईल तसतशी.